पहिल्या तपासणीत न दिसलेला फुगा

अपघातानंतरच्या सतराव्या दिवशी सकाळी तोंड धुताना माझ्या डोक्यात जे झाले, त्याला डोकेदुखी म्हणणे मला आजही जड जाते. एका क्षणी काहीही नव्हते आणि पुढच्या क्षणी कपाळाच्या मधोमध, खोलवर, कुणीतरी आतून घाव घातल्यासारखी कळ आली. मी नळ बंद केला एवढे आठवते. त्यानंतर उलटी झाली, मान ताठरली आणि उजेड नकोसा झाला. माझा धाकटा भाऊ तेव्हा आमच्याकडेच राहत होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "ताई, आधीसारखंच दुखतंय की वेगळं?" "वेगळं," असे मी म्हटले आणि त्याने पुढे काहीही न विचारता गाडी बोलावली. त्या एका शब्दाने माझे प्राण वाचले असे मला वाटते, म्हणून हा सगळा प्रवास नीट लिहून ठेवत आहे.

मूळ अपघात दुचाकीचा होता. वळणावर समोरून आलेल्या गाडीने धक्का दिला आणि मी डोक्यावर आपटले. शिरस्त्राण होते, तरी कपाळाच्या हाडाला सरळ रेषेत भेग पडली आणि मी काही मिनिटे बेशुद्ध होते. पहिल्या रुग्णालयात तातडीने सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या गोलार्धांच्या मधल्या फटीत रक्ताचा पातळ थर दिसला, बाकी मेंदू ठीक होता. सहा तासांनी दुसरा स्कॅन केला, रक्त वाढलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन मेंदूच्या धमन्यांचा सीटी अँजिओग्राम काढला आणि त्यात सर्व धमन्या निर्दोष असल्याचा अहवाल आला. सहाव्या दिवशी मला घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर झटके येऊ नयेत म्हणून एक गोळी, वेदनाशामक आणि महिन्याने भेटण्याची तारीख लिहिलेली होती. धमन्यांची तपासणी पुन्हा करावी लागू शकते, असा उल्लेख त्यावर कुठेही नव्हता आणि तोंडीही कुणी काही सांगितले नाही. ती एक ओळ तिथे असायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात आम्ही पोहोचलो तेव्हा मी शुद्धीवर होते, पण बोलणे मंद झाले होते. त्या वेळच्या सीटी स्कॅनमध्ये गोलार्धांच्या फटीत ताजे रक्त होते, आणि दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड पट्ट्याच्या पुढच्या भागातही रक्त उतरलेले होते. तिथल्या न्यूरोसर्जन डॉक्टरांनी जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी लावले आणि भावाला सांगितले, की जखमेचे जुने रक्त सतराव्या दिवशी असे आपोआप वाढत नाही, त्याच जागी पुन्हा रक्त आले याचा अर्थ तिथे एखादी धमनी दुखावलेली आहे आणि ती आता फुटली आहे. हे त्यांनी अँजिओग्राफीच्या आधीच सांगितले होते. रक्त कुठे सांडले आहे यावरून ते कोणत्या वाहिनीचे असावे, हे अनुभवी डोळ्यांना ओळखता येते, हे मला तेव्हा नवे होते.

त्यांनी मला आणखी दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. अपघातानंतर कधी घोळणा फुटला का, आणि एखाद्या डोळ्याने कमी दिसते आहे किंवा दोन दोन दिसते आहे का. माझे दोन्ही प्रश्नांना उत्तर नकारार्थी होते, पण या प्रश्नांमागचे कारण नंतर कळले ते सांगण्यासारखे आहे. कवटीच्या तळाला भेग पडली तर मेंदूकडे जाणारी मुख्य कॅरोटिड धमनी तिथेच, हाडाच्या बोगद्यात किंवा त्याच्या लगेच पुढे फाटू शकते. तिच्यावर झालेला फुगा, म्हणजे रक्ताने भरलेला फुगवटा, नाकामागच्या हाडाच्या पोकळीत घुसतो आणि काही दिवसांनी, कधी कधी काही आठवड्यांनी, नाकातून प्रचंड रक्त जाते. त्याच जागेतून डोळ्याच्या नसा जात असल्यामुळे दृष्टी किंवा डोळ्याची हालचाल बिघडते. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या नाकातून काही दिवसांनी अचानक रक्त वाहू लागले, तर ते साधे समजून कापूस लावून बसू नये, एवढे तरी प्रत्येक घरात माहीत असावे.

त्याच दुपारी माझी डीएसए, म्हणजे धमनीत नळी घालून केली जाणारी अँजिओग्राफी झाली. सीटी अँजिओग्राममध्ये द्रव्य हाताच्या शिरेतून जाते आणि एका ठरावीक क्षणाचे चित्र मिळते. डीएसएमध्ये जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मानेतल्या धमन्यांपर्यंत नेतात, प्रत्येक धमनीत वेगवेगळे द्रव्य सोडतात आणि सेकंदाला अनेक चित्रे घेतात, त्यामुळे रक्त आत येताना, फिरताना आणि बाहेर जाताना दिसते. एगास मोनीझ यांनी 1927 साली लिस्बनमध्ये मेंदूच्या धमन्यांचे पहिले असे चित्र घेतले, तेव्हा मानेतली धमनी थेट उघडावी लागत असे. मला जांघेत एक टोचणी आणि थोडा दाब, एवढेच जाणवले. भूल फक्त त्या जागेपुरती होती, बाकी मी सुस्त पण जागी होते. द्रव्य सोडले की अर्ध्या चेहऱ्यावर आणि डोळ्यामागे ऊब पसरायची, तोंडात धातूची चव यायची. मानेमागच्या धमनीत द्रव्य सोडले तेव्हा मिटलेल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या ठिणग्या उडाल्या आणि मी घाबरले. मेंदूचा पाहण्याचा भाग त्याच धमनीवर पोसला जातो, त्यामुळे असे होते, असे तंत्रज्ञाने शांतपणे सांगितले. "श्वास रोखा, हलू नका, गिळू नका" हे तीन शब्दसमूह मी त्या तासाभरात कितीतरी वेळा ऐकले. डोक्याला मार लागला असेल तर मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चारच धमन्या पाहून थांबत नाहीत, कवटीच्या आतल्या आवरणाला रक्त पुरवणारी शाखाही हाडाच्या भेगेखाली फाटलेली असू शकते, म्हणून चेहऱ्याकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्यांतही द्रव्य सोडले.

फुगा सापडला तो डाव्या बाजूच्या पुढच्या मेंदूधमनीवर, ती मज्जातंतूंच्या पट्ट्यावरून वळसा घेऊन मागे जाते त्या भागात. आकार सुमारे 4 मिलिमीटर. डॉक्टरांनी चित्रे पडद्यावर पुढे मागे करून दाखवली तेव्हा मला त्यातले वेगळेपण प्रत्यक्ष दिसले. धमनी भरली तरी फुगा लगेच भरला नाही, तो उशिरा भरला. मग धमनी रिकामी झाली, शिराही भरून रिकाम्या होऊ लागल्या, तरी फुग्यातला काळा ठिपका तसाच रेंगाळत राहिला. त्याच्या कडा वेड्यावाकड्या होत्या आणि धमनीला जोडणारा, मान म्हणावी असा अरुंद भाग नव्हता. जन्मभर रक्तदाबाने कमजोर होऊन येणारे नेहमीचे फुगे बहुधा धमनीला फाटा फुटतो तिथे येतात. हा मात्र फाट्यापासून दूर, सरळ वाहिनीच्या अंगावर होता.

तो तिथेच का झाला, हे समजून घेणे मला गरजेचे वाटले, आणि डॉक्टरांनी त्यासाठी वेळ दिला. दोन्ही गोलार्धांच्या मध्ये आवरणाचा एक ताठ पडदा असतो. त्याची खालची कड मोकळी आणि चिवट असते आणि ही धमनी त्या कडेच्या अगदी जवळून जाते. डोके आपटते तेव्हा मेंदू आणि त्याच्यासोबत धमनी जोराने सरकते, पडदा मात्र जागचा हलत नाही, आणि धमनी त्या कडेवर घासली जाते किंवा आपटते. माझ्या धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर तिथे फाटले होते. "तुम्ही ज्याला फुग्याची भिंत समजता ती भिंत नाहीच," डॉक्टर म्हणाले. "ती गोठलेल्या रक्ताची खपली आहे आणि तिला आजूबाजूच्या पेशींनी धरून ठेवलं आहे." खपली हा शब्द माझ्या मनात घट्ट बसला. गुडघ्यावरची खपली सुकते आणि पडते, तेव्हा खाली नवी त्वचा तयार असते. इथे खपलीच्या खाली धमनीचा दाब होता.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत काही दिसले नाही, याचा उलगडाही इथेच झाला. तेव्हा फाटलेली जागा रक्ताच्या गाठीने बुजलेली होती. गाठ आतून हळूहळू विरघळत गेली, तिच्यात पोकळी तयार झाली आणि रक्त त्या पोकळीत फिरू लागले, तेव्हा फुगा जन्मला. म्हणजे तो चुकून पाहायचा राहिला नव्हता, दुसऱ्या दिवशी तो बहुधा दिसण्याजोगा नव्हताच. अतिशय लहान फुगे सीटी अँजिओग्राममध्ये निसटू शकतात हेही खरे. म्हणूनच संशय असेल तर, पहिले चित्र स्वच्छ असले तरी, एक ते दोन आठवड्यांनी धमन्यांची तपासणी पुन्हा करतात. मेंदूतल्या सर्व धमनी-फुग्यांपैकी डोक्याच्या इजेने होणारे एक टक्क्याहूनही कमी असतात, मुलांमध्ये हे प्रमाण बरेच जास्त असते. पण ते दुर्मीळ असले तरी फुटतात ते साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे नेमके घरी सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो तेव्हा, आणि फुटल्यावर जवळजवळ निम्मे रुग्ण दगावल्याचे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे.

उपचाराचा निर्णय एका बैठकीत झाला, पण तो सोपा नव्हता. न्यूरोसर्जन आणि धमनीतून उपचार करणारे तज्ज्ञ असे दोघे आमच्यासमोर बसले होते, आणि दोघांनी एकमेकांच्या मार्गातल्या अडचणी आमच्यापुढे मोकळेपणाने मांडल्या, याचे मला फार समाधान वाटले. कवटी उघडून फुग्याच्या मानेला धातूचा चिमटा लावणे ही 1937 साली वॉल्टर डँडी यांनी पहिल्यांदा केलेली शस्त्रक्रिया आजही उत्तम आहे, पण चिमटा लावायला मान लागते आणि इथे मान नव्हती. हात लावताच खपली सुटून चिमटा लावण्याआधीच रक्तस्राव होण्याचा धोका मोठा होता. फुग्याच्या आतच प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, भरायची हा दुसरा मार्ग, पण खऱ्या भिंतीविना ती वेटोळी गाठीत रुतून बसतात, जागा पुन्हा उघडते आणि फुगा परत भरतो. तिसरा मार्ग होता घट्ट विणीचा, रक्ताचा प्रवाह वळवणारा स्टेंट. त्यात धमनी चालू राहते हा मोठा फायदा, पण तो बसवला तर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दोन औषधे एकत्र आणि बराच काळ द्यावी लागतात, फुगा बंद व्हायला आठवडे ते महिने लागतात, आणि माझ्या मेंदूत त्याच सकाळी रक्त सांडलेले होते. शिवाय माझी धमनी त्या जागी फार बारीक होती.

उरला तो मार्ग ऐकायला सर्वांत कठोर होता: फुग्यासह धमनीचा तेवढा भाग कायमचा बंद करून टाकायचा. माझ्या भावाने लगेच विचारले, "मग पुढच्या भागाला रक्त कुठून मिळणार?" डॉक्टरांनी त्याला पुन्हा डीएसएची चित्रे दाखवली. कानशिलाच्या बाजूने येणाऱ्या मधल्या मेंदूधमनीच्या टोकाच्या शाखा पृष्ठभागावरून पलीकडे जाऊन याच प्रदेशाला भिडत होत्या. मोठी धमनी बंद करायची असती तर आधी नळीच्या टोकावरचा छोटा रबरी फुगा धमनीत तात्पुरता फुगवून, रुग्ण जागा असताना, हातपाय आणि बोलणे चालते का ते पाहिले असते. इतक्या बारीक आणि फाटलेल्या वाहिनीत ती चाचणी करणे सुरक्षित नव्हते, म्हणून त्या जोडण्यांवर भिस्त ठेवायची होती. किंमत काय पडू शकते तेही स्पष्ट सांगितले. त्या धमनीच्या वाट्याला गोलार्धाच्या आतल्या बाजूचा जो पट्टा येतो, तिथून विरुद्ध बाजूचा पाय चालवला जातो. म्हणजे उजवा पाय, विशेषतः पाऊल, लुळे पडण्याची शक्यता होती. मी स्वतः संमतिपत्रावर सही केली. पायाच्या बदल्यात जीव, असा तो हिशेब होता, आणि त्या क्षणी मला तो अवघड वाटला नाही. अवघड तो पुढे वाटला.

पूर्ण भूल देऊन ती प्रक्रिया सुमारे अडीच तास चालली. जांघेतल्या नळीतून दुसरी, तिच्यातून केसासारखी बारीक तिसरी अशा नळ्या एकात एक सरकवत फाटलेल्या जागेपर्यंत पोहोचून, तिच्या थोड्या पुढून मागच्या दिशेने प्लॅटिनमची वेटोळी बसवत आणली. विजेच्या सौम्य प्रवाहाने टोकापासून सुटणारी ही वेटोळी गिडो गुग्लिएल्मी यांनी 1990 च्या सुमारास वापरात आणली. एकदा बसवलेले वेटोळे जागेवर नीट बसले नाही तर सोडण्याआधी परत ओढता येते, हा त्यांचा मोठा गुण आहे, आणि माझ्या बाबतीत पहिले वेटोळे असेच परत काढून लहान आकाराचे घालावे लागले. शेवटच्या चित्रात फुगा भरत नव्हता.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पायाची बोटे हलवायला सांगितली. डाव्या पायाची हलली. उजवीकडे मी हलवते आहे असे मला वाटत होते, पण ती स्थिर होती. पुढचे अकरा दिवस अतिदक्षता विभागात गेले. सांडलेल्या रक्तामुळे मेंदूच्या इतर धमन्या चौथ्या ते चौदाव्या दिवसांत आकसू शकतात, म्हणून दर चार तासांनी, रात्रीसुद्धा उठवून, निमोडिपिन हे औषध 60 मिलिग्रॅम द्यायचे, असे एकवीस दिवस. कवटीवर ध्वनिलहरींचे यंत्र टेकवून धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजत. रक्तातले सोडियम रोज तपासत. दर तासाला नाव, वार, जागा विचारत आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकत. झोप अशी नव्हतीच.

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितलेली नव्हती. मला बोलावेसे वाटेना. दुःख नव्हते, भीतीही नव्हती. कुणी विचारले की उत्तर ठाऊक असायचे, पण ते ओठांपर्यंत आणायला लागणारा आतला रेटाच नव्हता. पाण्याचा पेला समोर असायचा, तहान असायची आणि हात उचलला जायचा नाही. भाऊ समजला, की मी खचले आहे. तो रोज धीराच्या गोष्टी सांगायचा आणि मी त्याच्याकडे नुसती पाहत राहायचे. मेंदूच्या याच आतल्या पुढच्या भागातून माणसाची कृतीची उमेद निघते आणि रक्तपुरवठा कमी झाला की ती थंडावते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यानंतर तो उपदेश करायचा थांबला आणि एकेक छोटी सूचना देऊ लागला: पेला उचल, आता एक घोट घे. दोन आठवड्यांत ती अवस्था विरत गेली. अशा रुग्णाच्या घरच्यांना ही गोष्ट वेळेवर कळायला हवी, नाहीतर आजारी माणसावर हट्टाचा किंवा निराशेचा शिक्का बसतो.

पायाला जास्त वेळ लागला. पाऊल पुढून लोंबायचे आणि चालताना बोटे जमिनीला अडकायची, म्हणून घोट्याला आधार देणारा पट्टा बांधून चालण्याचा सराव सुरू झाला. साडेतीन आठवड्यांनी अंगठा पहिल्यांदा हलला. दहाव्या आठवड्यात पट्टा सुटला. आजही फार चालणे झाले की उजवे पाऊल जड पडते आणि जिना उतरताना मी कठड्याला हात ठेवते.

सहा महिन्यांनी पुन्हा डीएसए झाली, या वेळी मनगटातून. फुगा पूर्ण बंद होता. वेटोळ्यांपाशी धमनी संपलेली दिसत होती आणि तिच्यापलीकडचा प्रदेश, जो त्या दिवशी भीत भीत गृहीत धरला होता, तो मधल्या धमनीच्या शाखांमधून उलट दिशेने, थोडा उशिरा, पण पूर्ण भरत होता. मी डॉक्टरांना तो भाग पुन्हा एकदा दाखवायला सांगितला. आधी रिकामी जागा, मग कडेने एकेक बारीक रेघ, मग त्या रेघा वळून आतल्या बाजूला पोहोचलेल्या. पहिल्या रुग्णालयाला मी दुसऱ्या दिवशीचे चित्र, सतराव्या दिवशीचे चित्र आणि हे सहा महिन्यांचे चित्र अशी तिन्ही एका पत्रासोबत पाठवली आहेत. गोलार्धांच्या फटीत रक्त दिसलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर धमन्यांच्या दुसऱ्या तपासणीची तारीख छापावी, एवढीच विनंती त्या पत्रात केली आहे.